बाहेर राहिलेलं पान

ती गेली तेव्हा तिचं एक पान बाहेर होतं.

पान म्हणजे खेळायचं पान. माझी बायको आणि आमची नात दुपारी ओसरीवर डाव मांडून बसल्या होत्या. बायकोनं आपलं एक पान डावातून उचललं आणि बाजूला पालथ्या वाटीखाली ठेवलं. चालू फेरा संपला की ते परत आत यायचं, असा त्या खेळाचा नियम. ती म्हणाली, "थांब गं, चहा टाकून येते," आणि उठली. गॅसपाशी पडली ती पडलीच.

तो डाव वर्षभर तसाच राहिला. मीच कुणाला हात लावू दिला नाही. आणि दुसरी एक गोष्ट मी वर्षभर कुणाला सांगितली नाही. पडायच्या दोन दिवस आधी ती मला थकले म्हणून सांगत होती, आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं. मुलाला सांगितलं नाही, सुनेला नाही, डॉक्टरलाही नाही. नात म्हणते, आबा, तोंडानं होत नसेल तर लिहून काढा. माझं शिक्षण चौथी. लिहितो तसं लिहितो. चुका तिनं फोनवरून सुधारल्यात, बाकी सगळं माझं.

खेळ घरात आणला नातीनंच. कॉलेजं बंद होती त्या वर्षी ती घरात बसून कंटाळली होती. दप्तराएवढ्या डब्यात तिची पानं होती. आपले बदाम-इस्पिकचे पत्ते नव्हेत. प्रत्येक पानावर चित्र. कुठं बाई, कुठं जनावर, कुठं जाळ. दोघांनी समोरासमोर बसायचं, प्रत्येकाला वीस जीव. आपली पानं मांडायची, समोरच्यावर सोडायची, ज्याचे जीव आधी संपले तो हरला. मला म्हणाली, "आबा, या ना, शिकवते."

"मला न्हाई जमायचं. समदं विंग्रजी लिवलंय त्यावर."

बायको पलीकडं तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मला तर मराठी बी वाचता येत न्हाई. मला काय फरक पडतो? मला शिकव गं."

आणि शिकली. चित्रावरून पानं ओळखायची. मिशीवाल्या एका शिपायाला पोलीसपाटील म्हणायची. शिंगाचा एक दांडगा प्राणी नातीच्या गड्डीत होता, तो रेडा. आणि बायकोचं लाडकं पान म्हणजे कोंबडीवाली. टोपली घेतलेली एक बाई होती त्यावर. ती डावात आली की सोबत दोन पिल्लं यायची. पिल्लांची पानं नव्हती, म्हणून त्यांच्या जागी आम्ही चिंचोके ठेवायचो. कुठल्या पानाचं काय काम ते लक्षात राहावं म्हणून बायकोनं तोंडाकडच्या बाजूला आपल्या टिकल्या चिकटवल्या होत्या. नात ओरडली, "आजी, पाठीवर नको हं लावू, नाहीतर चोरी होईल." बायको म्हणाली, "चोरी करायचीच झाली तर टिकली लावून करीन व्हय?"

काळ्या टिकलीची पानं बाहेर काढायची. ती समजावताना नात बिचारी फार जपून बोलत होती. "आजी, हे पान टाकलं की डावातलं कुठलंही एक पान तात्पुरतं हद्दपार करता येतं. तुझं किंवा माझं. हद्दपार म्हणजे मेलं नाही. डावात नाही, हातात नाही, मेलेल्यांच्या ढिगातही नाही. फेरा संपला की परत येतं. आणि येतं ते अगदी कोरं. आधी जे काही लागलं असेल ते पुसलं जातं."

बायकोनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. "म्हंजे बाहेर बसलीय ती. आंगूळ करून आत यील."

नात हसून हसून आडवी झाली. मला हसू आलं नाही. मला गोठ्याची पडवी आठवली.

आमच्या घरात बाईला पाळी आली की चार दिवस तिनं गोठ्याच्या पडवीत बसायचं. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला नाही, देवाला नाही. आमच्या आईचं तर फारच कडक, भाताच्या रोपालाही हात लावू द्यायची नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की बाई परत घरात, कामाला मोकळी. हे चांगलं होतं असं मी म्हणत नाही. थंडीवाऱ्यात गोणपाटावर झोपायची ती, आणि मी नवरा असून आत घोंगडीत. पण बायको हुशार. बाहेर बसलं की चार दिवस दळण नाही, पाणी नाही, आईची बोलणी नाहीत, हे तिनं हेरलं. मग महिन्याचं नसलं तरी अंगातलं त्राण गेलं की म्हणायची, मला कावळा शिवला.

आई म्हणायची, "हिचा कावळा लय लौकर फिरून येतो गं."

मला ठाऊक होतं. मी गप्प बसायचो. तुंगार्लीच्या बंगल्यावर मी माळी होतो. तिथून येताना भाजलेलं कणीस आणायचो आणि पडवीच्या दगडावर ठेवून लांब उभा राहायचो. ती उचलून खायची. शिवायचं नाही म्हणून चार हातांवरून बोलायचो. एरवी घरात आईसमोर आम्हाला एवढं बोलायला मिळत नव्हतं.

धाकट्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर तिला बारीक ताप राहायचा. आई म्हणे, ताप कसला, सोंग आहे. लावणी तोंडावर आलेली. तेव्हा तिनं लागोपाठ दोनदा कावळा शिवून घेतला. आठ दिवस पडून राहिली आणि उठली ती तरतरीत. ते आठ दिवस मिळाले नसते तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

पुढं वय झालं, पाळी गेली, आई गेली, पडवीत लाकडं आली. पण आमच्या दोघांत ते बोलणं उरलं. कंटाळली की म्हणायची, "अवो, चार दिवस बाहेर बसते." मी समजायचो. चहा मी करायचो, भाकरी सून थापायची. नातवंडांना वाटायचं म्हातारा-म्हातारी काहीतरी गंमत करतात.

म्हणून त्या खेळात तिला काळी टिकली कुणी शिकवायची गरज पडली नाही. नात घाई करायची, पान हातात आलं की टाकून मोकळी. बायको दाबून ठेवायची. नातीनं तिच्या कोंबडीवालीवर जाळ टाकला की शांतपणे म्हणायची, "टाकलास? पुरता टाकलास? आता माघारी घ्यायचा न्हाई." मग काळी टिकली. कोंबडीवाली उचलून वाटीखाली. जाळ मोकळ्या जागेवर पडायचा, नातीचं पान वाया. फेरा संपला की कोंबडीवाली परत यायची आणि नव्यानं आली म्हणून आणखी दोन चिंचोके घेऊन यायची.

"बाई बाहेर बसली की पोरं वाढत्यात, ह्यो कुटला न्याय?" बायको म्हणाली एकदा. "आमच्यात उलटं हुतं."

"आजी!" नात कानावर हात ठेवून.

समोरच्याचं पान बाहेर काढायची बायकोची वेळही ठरलेली. रेडा नुसता उभा असेल तर हात लावायची नाही. त्यानं मान खाली घातली, अंगावर निघाला, की मग त्याला वाटीखाली घालायची. नातीचा सगळा बेत त्या रेड्यावर असायचा, तो एका फेऱ्यासाठी जागेवरून गेला की नात उघडी पडायची. बायको मला म्हणायची, "बगा, लवकर काढला तर उपेग न्हाई, उशिरा काढला तर आपुन मेलो. मधी एकच क्षन असतो." मी वर्तमानपत्रातली चित्रं बघत असायचो. ऐकायचो अर्धं.

ती गेली ते भाताच्या कापणीचे दिवस. आभाळ रोज दुपारी भरून यायचं आणि माणूस मिळत नव्हतं. जो तो बंगल्यांवर नाहीतर वराळ्याकडं कंपनीत. मुलगाही कंपनीत, त्याला सुट्टी एक दिवसाची. राहिलो मी, सून आणि बायको. खाचरात कापलेलं भात पडलेलं, ते भिजायच्या आत खळ्यावर आणायचं. बायको भारा डोक्यावरून उतरवून बांधाला टेकली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "अवो, चार दिवस बाहेर बसू का?"

मी विळ्याला धार लावत होतो. मान वर न करता म्हणालो, "आता कसला कावळा? म्हातारा झाला आसंल त्यो. उडवत न्हाई त्याला."

ती हसली. मीही हसलो. मग म्हणालो, "झोडणी उरकू दे. मग आठ दिवस बस."

"बरं," म्हणाली, आणि दुसरा भारा उचलायला गेली.

तोंड बघितलं असतं तर कळलं असतं. मी विळा बघत होतो.

दोन दिवसांनी दुपारी जेवून खळ्यावर परतायच्या आधी नातीनं तिला डावाला बसवलं आणि पुढचं मी सांगितलंच. गाडी करून तळेगावच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरनं सांगितलं, वाटेतच गेल्या. मग त्यानं विचारलं, गेल्या आठवड्यात दम लागत होता का, थकवा वगैरे काही म्हणाल्या होत्या का. मुलगा शेजारी उभा होता. मी म्हणालो, "न्हाई सायेब. ठनठनीत हुती."

डाव मांडला होता तो बंगल्यावरून मिळालेल्या एका मोठ्या लाकडी ट्रेवर. माणसं जमायला लागली तेव्हा नातीनं तो ट्रे एकही पान न हलवता आतल्या फडताळात नेऊन ठेवला. वाटी, वाटीखालचं पान, चिंचोके, दोघींच्या हातातली पानं पालथी. वर टॉवेल टाकला. दहाव्याला कावळा पिंडाला लगेच शिवला. लोक म्हणाले, म्हातारीचं काही मागं राहिलं नाही. मी मान हलवली. लगेच शिवला याचाच मला राग आला होता.

मी रोज फडताळ उघडायचो. टॉवेलचा कोपरा उचलून बघायचो. वाटी आहे ना, झालं, परत टाकायचो. वाटी पालथी आहे तोवर फेरा संपलेला नाही. फेरा संपला नाही तोवर तिचं काहीतरी यायचं बाकी आहे. म्हाताऱ्याची बुद्धी, दुसरं काय.

वर्ष झालं. नातीला बंगळूरला नोकरी लागली. वर्षश्राद्ध उरकून जाणार होती. जायच्या दोन दिवस आधी माझ्यासमोर येऊन बसली.

"आबा, डाव संपवू."

"कुनाचा?"

"आजीचा. तुम्ही तिच्या बाजूनं बसा."

मी चिडलो. "तुला खेळायचं सुचतंय?"

"खेळायचं नाही सुचत. तुम्ही रोज टॉवेल उचलता. टॉवेलावर तुमच्या तंबाखूचे डाग पडलेत. मी गेल्यावर तुम्ही हेच करत बसणार."

"बसंन न्हाईतर उठंन. तुला काय करायचं?"

ती उठली. फडताळातून ट्रे आणून ओसरीवर ठेवला आणि टॉवेल काढला. वर्षभराची धूळ तरीही आत गेली होतीच. एका पानाची टिकली सुटून पडली होती. ती तिनं बोटानं दाबून परत चिकटवली. नीट बसली नाही.

मी बायकोच्या जागेवर बसलो. खांबाला पाठ लावून बसायची ती, तिथं.

"फेरा माझा होता," नात म्हणाली. "मी जाळ टाकला होता, आजीनं कोंबडीवाली बाहेर काढली. जाळ वाया गेला. माझं झालं. फेरा संपला. आता आत आणा तिला."

मी वाटीवर हात ठेवला आणि तसाच राहिलो. रस्त्यानं लोणावळ्याच्या गाड्या जात होत्या, त्यांची गाणी येत होती. नात घाई करा म्हणाली नाही. शेवटी मी वाटी उचलली. खाली पान होतं तसंच होतं, ट्रेवर वाटीचा गोल उमटला होता. पान उचलून बाकीच्या पानांच्या रांगेत ठेवलं. नातीनं डब्यातून दोन चिंचोके काढून माझ्यापुढं सारले. आधीचे तीन, आता पाच.

खेळायला लागलो. मला वाटलं होतं मला काही येत नाही, पण अर्धं ऐकलेलं बरंच आत राहिलं होतं. बायकोच्या हातातली पानं उचलली. त्यात एक काळी टिकली शिल्लक होती. ती बघून मला बरं वाटलं. दोन फेरे नीट गेले. कोंबडीवाली एकदा मेली, ती नियमानं मेली, त्याचं काही वाटलं नाही. तिसऱ्या फेऱ्याला नातीनं एका चिंचोक्यावर बारकासा जाळ टाकला. माझा हात आपोआप गेला. काळी टिकली टाकली आणि चिंचोका उचलून वाटीखाली घातला. फेरा संपला. मी वाटी उचलली आणि चिंचोका परत मांडला.

"आबा, तो नाही येत परत."

"का? फेरा संपला की."

"चिंचोक्याला स्वतःचं पान नाही ना. पान असलेलेच परत येतात. तो बाहेर गेला की संपला."

"हे आदी सांगायचं."

"आजी कधी चिंचोका काढायची नाही. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं." मग म्हणाली, "राहू दे, मागं घ्या. पान परत हातात घ्या. चालतंय."

मी चिंचोका हातात धरला होता. म्हणालो, "न्हाई. टाकलं ते टाकलं." आणि मग माझ्या तोंडातून ते निघालं. वर्षभर निघालं नव्हतं ते चिंचोक्यावरून निघालं. "तिनं मला सांगितलं हुतं. दोन दिस आदी. चार दिस बाहेर बसू का म्हनली. मी हसलो. म्हनलं कावळा म्हातारा झाला. डागदरला खोटं बोललो, तुझ्या बापासमोर."

नात ट्रेकडं बघत होती. म्हणाली, "मला पण म्हणाली होती."

"काय?"

"त्याच दुपारी. मी ट्रे आणला तर म्हणाली, आज डाव नको पोरी, आज मी बाहेर बसलेय. मला वाटलं हरायला घाबरते. मी म्हटलं, आजी, रडीचा डाव खेळू नको, एवढा एक तर खेळ." तिनं नाक ओढलं. "ती बसली. खेळताना दोनदा छाती चोळली. मी विचारलं, तर म्हणाली भात पचला नाही."

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. आमच्यात तसं करायची सवय नाही. मी म्हणालो, "रडू नको. खेळ."

"कशाला आता?"

"संपव म्हनलीस ना? संपव."

तिनं डोळे पुसले आणि रेडा सोडला. माझ्यासमोर चार चिंचोके. चिंचोके रेड्याला काय अडवणार, त्याच्या एका धडकेत माझे उरलेले जीव संपले. माझ्याकडं काळी टिकली असती तर रेडा त्या फेऱ्याला वाटीखाली गेला असता, आणि पुढच्या फेऱ्याला चार चिंचोके नातीच्या उरलेल्या चार जीवांवर सोडता आले असते. नातीनं मोजलं, मीही मोजलं. दोघांनाही कळलं. बायको जिंकत होती. ती काळी टिकली तिनं रेड्यासाठीच दाबून ठेवली होती, आणि मी ती चिंचोक्यावर घालवली.

"हरली," मी म्हणालो.

"तुम्ही हरलात. आजी नाही."

"तेच म्हनतो मी."

नातीनं दोन्ही गड्ड्या वेगळ्या केल्या. आजीची माझ्यापाशी ठेवून गेली. ट्रे मी धुतला. वाटीचा गोल निघाला नाही, मीही फार घासला नाही. टॉवेल सुनेनं नेला.

नात गेल्यावर तिसऱ्या दिवशी आमची झोडणी होती. ह्याही वर्षी माणूस नाही, ह्याही वर्षी आभाळ. सून खळ्यावर पेंढी आपटता आपटता थांबली, कमरेवर हात ठेवला. नुसती उभी राहिली, काही बोलली नाही. तिची बोलायची पद्धतच नाही. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं.

"ठेव ती पेंढी," म्हणालो. "घरी जा. चार दिस बाहेर बस."

ती गोंधळली. "आबा, मला तसलं काही नाही."

"नसू दे. बस. उद्या तळेगावला दाखवून यायचं."

"आणि भात?"

"भिजलं तर भिजलं."

ती गेली. मी एकट्यानं संध्याकाळपर्यंत जमेल तेवढं झोडलं. बाकीचं दोन दिवस खाचरात राहिलं आणि थोडं भिजलंही. तळेगावला सुनेला काही निघालं नाही, रक्त कमी म्हणाले, गोळ्या दिल्या. ती अजून माझ्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं बघते.

मुलाला मी अजून सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की कागद त्याच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवणार आहे. कंपनीत जेवायच्या सुट्टीत वाचेल. घरी येऊन काय बोलायचं ते बोलेल. मी ओसरीवरच असेन.